कुर्माघरातून आलेली बाई

बुधरी कुर्माघरात गेली आणि दुसऱ्याच दिवशी पत्रूनं ग्रामसभेची दवंडी पिटवली. पाळीतल्या बाईनं गावाबाहेरच्या त्या झोपडीत बसायचं, गावात पाऊल टाकायचं नाही. हे पाहूनच त्या मेल्यानं डाव साधला होता. गावाचा डोंगर खाणीसाठी खोदायला हरकत घ्यायची मुदत उद्या संपत होती. ठेकेदाराच्या गाडीतून वडशाला जाऊन आल्यापासून सभेचा अध्यक्ष पत्रू डोंगराचं नावही काढत नव्हता.

वडशाच्या संस्थेतल्या दिव्यानीताईनं हिवाळाभर बायकांना शिकवलं होतं, की गाव नाही म्हणालं तर डोंगर वाचतो, पण सभेत पुरेशा बायका नसल्या तर ठरावच होत नाही. कुर्माघराबद्दल मात्र ताई चकार शब्द बोलली नव्हती. बुधरीला तिचाही राग आला.

सभा भरली तेव्हा झोपडीतून तिला भोंग्यावरचा पत्रूचा आवाज ऐकू येत होता. "एक बाई कमी पडून राह्यली. सभा बरखास्त."

बुधरी उठली आणि लोक पांगायच्या आत तरातरा चालत सभेत जाऊन बसली. शेजारच्या बायकांनी आपली चटई ओढून घेतली. कालपर्यंत 'आमचा हक्क' म्हणून बोंबलणाऱ्या याच बायका. दिव्यानीताई खाली मान घालून बसली.

"सभा बाटवली इनं," पत्रू म्हणाला. "काऊन आली तू? देव कोपला तं तू भरून देशील काय?"

"डोंगर गेल्यावर देव कुठी राह्यते, ते सांग," बुधरी म्हणाली. "मले मोज."

मग तिची सासू, गुणाबाई उठली. लग्न झाल्यापासून ही बाई सुनेशी एक गोड शब्द बोलली नव्हती.

"मोज तिले," गुणाबाई म्हणाली. "माहे मोहाचे झाडं हायेत त्या डोंगरावर."

पत्रूला मोजावंच लागलं. हात वर झाले, विरोधाचा ठराव झाला.

"आता मुकाट्यानं झोपडीत जाय," सासू लगेच खेकसली. "घरात पाय ठेवला तं तंगडी तोडीन."

बुधरी घराकडे वळली. सासू मागून शिव्या घालत येत होती, अख्खं गाव तमाशा पाहत होतं. बुधरी आत शिरली, मडक्यातलं पाणी घेतलं आणि सासूच्या डोळ्यांत डोळे घालून घटाघटा प्यायली.