बद्द आवाज

"मामा, नव्या सायकलवर नाणं कसलं वाजवताय? मडकं आहे का ते!" जावई हसले.

मी हसलो नाही. चाळीस वर्षं सायकली दुरुस्त करतोय, तोंडदेखलं कौतुक मला जमत नाही. माझ्या लेकीसाठी त्यांनी कार्बनची सायकल आणली होती. करंगळीवर उचलावी इतकी हलकी, आणि वर हिरवं पान रंगवून लिहिलेलं, 'जुन्या कार्बनपासून नवी'. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. लोखंड वितळवलं की पुन्हा लोखंड होतं. कार्बन म्हणजे डिंकात थिजलेले धागे. ते वितळत नाहीत, गंजत नाहीत, कुजत नाहीत. भंगारवालासुद्धा हात लावत नाही. मग ही नवी झाली कशी?

नाणं वाजवत नळीवरून खाली आलो. टक, टक, टक... आणि पॅडलच्या जरा वर, बद्द. म्हणजे आत तडा.

"सीट काढतो जरा."

"अहो बाबा, हौसेनं आणलीय त्यांनी," लेक कुजबुजली. "सगळ्यात मेलं काहीतरी शोधायचंच का?"

"मी आणलेलं मामांना कधी आवडलंय?" जावयांचा चेहरा उतरला.

सीट काढून नळीत बॅटरी मारली. आत खिळ्यानं ओरखडलेली फुली. माझीच! मोडीत काढलेल्या प्रत्येक फ्रेमच्या नळीत मी ती करतो. ही तडकलेली फ्रेम चार महिन्यांपूर्वी जुना कार्बन गोळा करणाऱ्या गाडीवाल्याला दिली होती. कापून देणार होतो, तर तो म्हणाला, "काका, अख्खी द्या, पुनर्वापराला अख्खीच लागते." संशय तेव्हाही आला होता. पण कापताना काळी भुकटी उडते, कुसळासारखी टोचते, छातीत जाते. मी आळस केला.

त्यांनी नुसता रंग फासला होता. आणि हिच्यावर बसून माझी लेक रोज उतारावरून दवाखान्यात ड्यूटीला जाणार होती.

फुलीचा अर्थ सांगितला तसे जावई स्टुलावर बसले. "दुकानात परत देतो."

"म्हणजे दुकानदार ती दुसऱ्या कुणाच्या लेकीच्या गळ्यात मारणार. फुलीचा तुकडा तेवढा न्या, तक्रारीला लागेल. चूक माझी आहे, जावईबापू."

तोंडाला ओला रुमाल बांधून मी करवत घेतली. जावयांनी न सांगता फ्रेमचं दुसरं टोक धरलं. चार तुकडे झाले. ते टाकायचे कुठं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

लेकीनं कोपऱ्यातली माझी जुनी लोखंडी सायकल बाहेर काढली, सीट आपल्या उंचीला खाली केली. मग माझं नाणं उचललं, आणि बसण्याआधी त्या सायकलच्या नळीवर वाजवून पाहिलं.