ओळीच्या तोंडाशी दोन जाळ्या

म्हाळूच्या मनात पाल चुकचुकली ती दोन कागद शेजारी ठेवल्यावर.

चौऱ्याहत्तर सालची गोष्ट. शिरूरच्या विहारात भीमजयंतीच्या गाण्यांची तालीम चालली होती. म्हाळू क्लॅरिनेटवर, बन्सी पेटीवर. दोघांना इंग्रजी पद्धतीनं कागदावर लिहिलेले सूर वाचायला शिकवलं होतं दौंडच्या भिमाजींनी. पलटणीच्या बँडातून पेन्शनीत निघालेला माणूस. गाणंही त्यांनीच लिहून पाठवलं, पण पाठवलं बन्सीच्या हाती. आणि बन्सी त्यांचा सख्खा साडू.

म्हाळूच्या कागदावर ओळीच्या तोंडाशी जाळीसारख्या दोन खुणा होत्या. बन्सीच्या कागदावर एकही नाही. गाणं एक, तर ही भानगड कसली? आपल्याला चुकीचा कागद देऊन साडूला वर काढायचा बेत तर नव्हे? म्हाळूनं खुणांकडे काणाडोळा करून वाजवलं. गंधार आला की पेटी आणि क्लॅरिनेट एकमेकांच्या उरावर बसायचे. कानाला कळत होतं. बोट सरकवलं असतं तर जुळलंही असतं. पण म्हाळूनं मुद्दाम तसंच रेटलं. साडूसाडूंचा डाव चारचौघांत उघडा पडू दे!

"म्हाळू, सूर चुकतोय तुझा," बन्सी म्हणाला.

"माझा न्हाई, कागदाचा. जा, इचार तुझ्या साडूला."

बन्सीनं मान खाली घालून पेटी मिटली, तसा संशय आणखीच बळावला. दुसऱ्या दिवशी म्हाळूनं क्लॅरिनेट काखोटीला मारला, एसटी धरली आणि थेट दौंडला भिमाजींच्या ओट्यावर जाऊन उभा राहिला.

"मामा, मला येगळा कागद का दिला?"

भिमाजी रागावले नाहीत. त्यांनी घरातली पेटी बाहेर आणली. "तुझा पहिला सा वाजीव." म्हाळूनं वाजवला. भिमाजींनी पेटीचा सा दाबला. पेटी वर बोलली, क्लॅरिनेट खाली.

"तुझं वाद्य एक पायरी खाली बोलतं. म्हणून तुला एक पायरी वर लिवून दिलं. पण सगळंच वर सरकलं, तर सुरांमधलं अंतर बिघडतं. ते राखायला दोन सूर अर्धी पायरी चढवायचे. त्याच ह्या जाळ्या. तोंडाशी टांगल्यात म्हंजी ओळभर ध्यानात ठेवायच्या."

म्हाळूनं तसं वाजवलं. गंधार पेटीत विरघळून गेला. पुन्हा वाजवलं, कुठं दगा सापडतो का ते बघायला. सापडला नाही.

भिमाजी मात्र त्याच्याकडे रोखून बघत होते. "येवढा तयार कान तुझा. गंधार खटकला न्हाई व्हय रं?"

"खटकला," म्हाळू पुटपुटला. "पर तुमचीच फजिती व्हावी वाटलं."

"मग बन्सीला सांग तसं."

संध्याकाळच्या तालमीत म्हाळूनं मुद्दाम चुकवल्याचं सांगितलं. बन्सीनं नुसता भाता ओढला आणि सूर धरला. गाणं पहिल्याच खेपेला जुळलं. जयंतीलाही लोकांनी ते दोनदा वाजवायला लावलं. पण त्यानंतर म्हाळू जरा बेसूर झाला, की बन्सी पेटी थांबवून विचारायचा, "चुकला, का चुकवला?"