आधी कोणता पाय?

शिंप्याच्या दुकानात सकाळी शिवणयंत्र सुरू झालं की ते चालवणारी बाई कोण, हे कुणी विचारत नसे. ती शिंप्याची थोरली बहीण, त्याच्या लेकीची आत्या. नवरा गेला, सासरच्यांनी दार लावून घेतलं, आणि भावानं आसरा दिला. तेव्हापासून यंत्राच्या पायट्यावर तिचा उजवा पाय सतत खालीवर होत होता. आसऱ्याला आलेल्या बाईचं अंग दुखायचं नसतं, असा त्या घरात अलिखित कायदाच होता. वहिनीचं, म्हणजे शिंप्याच्या बायकोचं, डोकं दुखलं की मात्र सगळं घर चवड्यांवर चालायचं.

त्यामुळे "उजवा गुडघा दुखतो," असं आत्या म्हणाली, तेव्हा वहिनीचे कान टवकारले.

"सोंग आहे," तिनं लेकीला बजावलं. "बसून उठली की लंगडते, चार पावलं टाकली की बरी चालते. असं कुठलं दुखणं असतं गं? जरा डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव."

लेक लक्ष ठेवू लागली. आत्याशी गोड बोलून, कापडाच्या घड्या करता करता तिच्या पायांकडे चोरून बघायची. आत्याला ते कळत होतं, पण भाऊ पोसतो म्हटल्यावर बोलणार कुणाला?

एके दिवशी लेकीला वाटलं, चोरी सापडली. "आई, माडीवर चढताना आत्या डावा पाय आधी टाकते, आणि उतरताना उजवा!"

वहिनी टाळी वाजवून हसली. "बघा! दुखणंसुद्धा पाय बदलतं. अहो, ऐकलंत का?"

शिंप्यानं ऐकलं. "ताई, डॉक्टरबिक्टर काही नको. लग्नसराईचं काम तुंबलंय. उगाच सोंगं करू नकोस."

आत्या खाली मान घालून यंत्रावर बसली. पायटा दाबताना तिच्या डोळ्यांतून टपकन पाणी पडलं, तेही तिनं शिवायच्या कापडावर पडू दिलं नाही. ते लेकीनं पाहिलं आणि तिच्या मनात प्रथमच उलटा संशय आला. बघणारे आपणच चुकत असू तर?

दुपारी दुकानात कुणी नव्हतं. लेकीनं लाकडी पट्टी आपल्या उजव्या गुडघ्यामागे धरली, चिंध्यांनी घट्ट बांधली आणि जिना चढली. गुडघा वाकेना, म्हणून डावा पाय आपसूक पुढे गेला, त्यानंच सगळा भार वर उचलला. उतरताना उजवा आधी खाली ठेवावा लागला, कारण वाकून अंग सावरायचं काम मागे राहिलेल्या डाव्यालाच जमत होतं. पायरीवरच तिनं तोंडावर हात ठेवला. कुणाची चहाडी केली होती आपण!

संध्याकाळी तिनं तीच पट्टी बापाच्या उजव्या गुडघ्याला बांधली.

"हे काय खूळ?"

"बाबा, फक्त चढून उतरा."

शिंपी चढला. डावा आधी. उतरला. उजवा आधी. खालच्या पायरीवर तो आपल्याच पायांकडे बघत उभा राहिला. मग बहिणीकडे बघितलं, आणि नजर खाली गेली.

"आधी कोणता पाय टाकायचा, हे मला कुणी शिकवलं नाही, ताई," तो पुटपुटला.

"मलाही नव्हतं शिकवलं रे," आत्या म्हणाली.

वहिनी घुश्शात म्हणाली, "बरं, असेल दुखत! पण मग यंत्र कोण चालवणार?"

आत्या यंत्राला धरून सावकाश उभी राहिली. "ते तुम्ही दोघं ठरवा, वहिनी. माझा पाय सांगतोय नको, आणि आजपासून मी त्याचं ऐकणार. उद्या डॉक्टरकडे जाईन. पोटासाठी दुसरं काम करीन, पण पायटा नाही."

"मी येते तुझ्याबरोबर, आत्या," लेक म्हणाली.

वाचकहो, वहिनीला हसणं सोपं आहे. आपल्याही घरात एखादं माणूस असेल, ज्याला दुखलं तर आपण आधी साक्षीदार मागतो. ते जिना चढताना आज जरा मान वर करून बघा.