वाकळेचं पोट

दाक्षायणी मॅडम कॉलेजातून निवृत्त झाल्या आणि घरात उपदेश ऐकायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी भवानी पेठेत वाकळ केंद्र काढलं. जुन्या लुगड्यांच्या थरांना टाके घालून शिवलेल्या वाकळा पार पुण्याच्या एका दुकानाला जायच्या. यंत्रमाग बंद पडून घरी बसलेल्या, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांच्या हाती महिन्याच्या महिन्याला पगार पडायचा. तो खरंच पडायचा. मॅडमविषयी बोलताना हे विसरून चालणार नाही.

‘आपली परंपरा जशीच्या तशी,’ असं मॅडम सारखं म्हणायच्या. करमाळ्याच्या बजाबाईंनी ते मनावर घेतलं. वाकळेचा शेवटचा कोपरा शिवण्याआधी त्या आत चिमूटभर ज्वारी टाकायच्या. वाकळेचं पोट रिकामं राहिलं तर पांघरणाऱ्याचं भरत नाही, ही त्यांच्या आईची शिकवण. मॅडमना गहिवरून आलं. त्यांनी सगळ्याच वाकळांचा शेवटचा कोपरा बजाबाईंकडे सोपवला, फोटो काढला आणि मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकला.

पावसाळ्यात वाकळा परत आल्या. कोपऱ्यांतून किडे निघाले होते.

दुकानाच्या मालकीणबाईंचा फोन आला आणि मॅडमनी तो स्पीकरवर घेतला, तेव्हा केंद्रातल्या सगळ्या बायका समोरच बसल्या होत्या.

‘‘एका अडाणी बाईची चूक झाली,’’ मॅडम म्हणाल्या.

‘‘तिला काढा, तरच पुढची ऑर्डर. संध्याकाळपर्यंत कळवा.’’

फोन बंद झाला. साबेरा उसळली. ‘‘मावशी, वाकळीला जेवू घातलं, आता आमच्या पोरांना काय घालायचं? किडे?’’

‘‘मी काय चोरून टाकली व्हय?’’ बजाबाई मॅडमकडे वळल्या. ‘‘बाई, तुमीच फोटू काढला की!’’

‘‘फोटो काढला म्हणजे परवानगी दिली असं होत नाही, बजाबाई.’’

हे वाक्य तोंडातून निघालं आणि मॅडमना स्वतःचाच आवाज कॉलेजच्या प्राचार्यांसारखा वाटला. त्या माणसाला त्यांनी जन्मभर नावं ठेवली होती.

दुपारचा डबा मॅडमनी न उघडताच बाजूला सारला. चारच्या सुमारास त्या आतल्या खोलीत गेल्या, दार लावलं आणि फोन लावला. ‘‘चूक माझी आहे. मला माहीत होतं. मीच करायला लावलं.’’

 पलीकडून मालकीणबाई हळव्या आवाजात म्हणाल्या, ‘‘मॅडम, किती मोठं मन तुमचं! बायकांची चूक स्वतःवर घेता!’’

‘‘अहो, घेत नाही. आहेच माझी.’’

‘‘म्हणून तर तुमच्याबरोबर काम करावंसं वाटतं. ऑर्डर पक्की. फक्त ती बाई नको.’’

‘‘पण...’’ मॅडम म्हणाल्या. त्या ‘पण’च्या पुढे बारा घरांच्या चुली होत्या, आणि थोडीशी ‘मोठं मन’ ऐकल्याची ऊबही होती. ही ऊबच त्यांना जास्त टोचली. फोन ठेवला गेला.

बाहेर सगळ्या माना वर.

‘‘ऑर्डर टिकली,’’ मॅडम म्हणाल्या.

अटही सुटली असंच सगळ्यांना वाटलं आणि एकच कल्ला झाला. शेजारी शिवणाऱ्या झीनतनं साबेराला मिठी मारली. साबेरा बजाबाईंच्या शेजारी सरकली. ‘‘मावशी, रागात बोलून गेले गं. मनात नको ठेवू.’’

‘‘जाऊ दे की, मेले.’’ बजाबाईंनी हसत चष्मा पुसला. ‘‘बाई, मंग मी आता कंची वाकळ घिऊ?’’

मॅडमनी जवळची, अर्धी शिवलेली वाकळ उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली.

‘‘ही घ्या. आजच्या दिवस.’’

‘‘आजच्या दिवस?’’ बजाबाईंनी विचारलं.

मॅडम पंख्याचं बटण शोधायला लागल्या. पंखा चालूच होता.