तूदाचं दूध

"आधी खा, मग रड," यामना म्हणाली आणि गरम रोट्यांची चवड तिने ओदीलच्या पुढ्यात सरकवली. "लोण्याला बोट लावलं नाहीस. आईच्या वेळी बशी चाटूनपुसून ठेवायचीस."

ओदील मार्शां रडत नव्हती; पण रडायच्या बेतात होती, हे खरं. वयाच्या सत्त्याहत्तराव्या वर्षी पॅरिसहून निघून, मराकेशला एक मुक्काम करून, ती एकटी अॅटलासच्या डोंगरातल्या या गावात आली होती. वाटभर तिने वाक्यं घोकली होती. आता यामनाच्या अंगणात मांडीवर हिरव्या पुठ्ठ्याची एक जुनी वही घेऊन, तिच्यावर दोन्ही हात ठेवून ती बसली होती.

"गुडघे?" यामनाने विचारलं.

"गेले."

"भाषा मात्र आहे तशीच. गाढवं हाकल्यासारखी बोलतेस अजून."

ओदीलला हसू आलं. ही पोर रांगत होती तेव्हापासून तिने पाहिलेली. आता पोर कसली, पन्नाशी उलटलेली, केस पांढरे झालेली बाई. लग्न न झालेली. तेच तर बोलायला ती आली होती.

एकोणीसशे एकाहत्तर साली, सव्वीस वर्षांची असताना, ओदील मानववंशशास्त्राचा प्रबंध लिहायला इथे आली आणि दोन वर्षं यामनाच्या आईकडे, तूदाकडे राहिली. गाव तिला मानाने 'लल्ला', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचं. तूदाने तिला पीठ मळायला शिकवलं, पाठीवर सरपण बांधायला शिकवलं, आणि ते धड जमलं नाही तेव्हा पोट धरून हसली. ओदीलची कामाची रीत कडक होती. नात्यागोत्याचं निळ्या वहीत, खाण्यापिण्याचं नि दुखण्याखुपण्याचं हिरव्या वहीत. गुरूंनी शिकवलेलं होतं; एका वहीतलं दुसऱ्या वहीत जायचं नाही.

एकदा शेजारीण सरपणाला गेली होती आणि तिचं तान्हं, हद्दू, रडून रडून काळंनिळं झालं. तूदाने त्याला उचललं आणि छातीशी लावलं. पोर गप्प झालं. ओदीलने ते पाहिलं आणि निळ्या वहीत लिहून टाकलं. इथे एका बाईचं दूध प्यालेली पोरं भावंडं होतात. एक घोट गेला तरी पुरे. सख्ख्या भावंडांसारखंच मग त्यांचं लग्न होऊ शकत नाही.

ओदीलच्या पुस्तकात शेवटी एक मोठा तक्ता होता, गावात कोण कोणाचं दूधभावंड ते सांगणारा. तो तक्ता भलताच गाजला. त्याच्या जोरावर तिला विद्यापीठात जागा मिळाली, पुढे मानाचं अध्यासन मिळालं. वीस वर्षं ती विद्यार्थ्यांना तो फळ्यावर काढून दाखवत होती.

आणि तूदाने हद्दूला उचललं त्यानंतर वीस वर्षांनी यामनाचं त्याच्याशी लग्न ठरलं. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं, घरचे खूश होते. गावच्या मास्तरांना शहरात ते पुस्तक मिळालं होतं. आपल्या गावाचं नाव छापून आलंय म्हणून त्या भल्या माणसाने कौतुकाने चारचौघांत तक्ता वाचून दाखवला. झालं. तूदा शपथा घेऊन सांगत राहिली, की मला तेव्हा दूधच नव्हतं, पोराला नुसतं उगी करायला घेतलं होतं. पण पोरीचं लग्न मोडत असताना आई दुसरं काय बोलणार, असं लोक म्हणाले. शेवटी मास्तरांनी पॅरिसला पत्र टाकलं. एकच प्रश्न होता: तूदाला दूध होतं का?

नेमकं त्याच महिन्यात एका सहकाऱ्याने तक्त्यावर शंका काढली होती, आणि ओदीलचं डोकं तापलेलं होतं. 'माहीत नाही' एवढं लिहायला तिचं काय जात होतं? पण तिने ठसक्यात लिहिलं, की पुस्तकात आहे ते मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. लग्न मोडलं. तीन वर्षांनी तूदा गेली.

"बोल आता," यामना म्हणाली.

ओदीलने वही उघडली. "या थंडीत सगळ्या वह्या ग्रंथालयाला द्यायला काढल्या. ही हिरवी इथून गेल्यानंतर मी कधी उघडलीच नव्हती. ऐक. 'तूदाला ताप. नऊ दिवस दूध आटलेलं. यामनाला शेळीचं दूध पाणी घालून देतात.' यामना, तिने हद्दूला छातीशी घेतलं तोच हा आठवडा. तुझी आई खरं बोलत होती. मी निळी वही वाचली आणि हिरवी वाचली नाही."

यामनाने वहीकडे पाहिलंसुद्धा नाही. "आई खरं बोलत होती ते मला ठाऊक होतं. त्याला तुझी वही कशाला हवी?"

"मला गावासमोर सांगायचंय. मास्तरांसमोर, हद्दूसमोर. माझी चूक होती म्हणून."

"आणि मग?"

ओदीलने वहीचं पान उगाच सारखं केलं.

"मग काय होईल ते मी सांगते," यामना म्हणाली. तिचा आवाज शांत होता, हात मात्र ओच्याशी चाळा करत होते. "हद्दूचं लग्न झालं. चार पोरं आहेत. दर शुक्रवारी नमाज झाला की तो इथे येतो. या अंगणात बसतो, चहा घेतो, छप्पर गळलं तर शाकारून देतो. बायको त्याच्या हाती काहीबाही पाठवते. ती मला वन्सं म्हणते. कुणाची बोट दाखवायची हिंमत नाही. का? तर मी बहीण आहे त्याची. तुझ्या पुस्तकाने केलेली." ती थांबली. "उद्या तू सांगितलंस की आम्ही भावंडं नाहीच. मग तो परका बाप्या, आणि मी त्याच्यापुढे डोकं झाकून बसायची बिनलग्नाची बाई. त्याला उंबऱ्यात तरी उभं राहता येईल का? एकदा घेतलंस ते घेतलंस, लल्ला. आता हे उरलंय ते तरी राहू दे."

"पण तुझ्या आईला लोक खोटारडी म्हणाले."

"म्हणाले. ती गेली. मला अजून जगायचंय."

ओदीलने वही मिटली. आपल्याला क्षमा हवी होती, आणि ती मागायला आपण या बाईच्या घरात विस्तव घेऊन आलो, हे तिला आत्ता कळलं. फार लाज वाटली तिला.

शुक्रवारच होता. दार ढकलून हद्दू आला. उंच, वाकलेला, बायकोने बांधून दिलेले अक्रोड हातात. ओदीलला पाहून त्याने छातीवर हात ठेवला, तब्येत विचारली, मुलांची नावं सांगितली. मग त्याची नजर वहीवर गेली.

"लल्ला, एक विचारू? तीस वर्षं मनात आहे. तूदाआई म्हणायची तिला दूध नव्हतं. तू तर तिथेच होतीस. खरंच होतं का गं?"

यामना चहा ओतत होती. तिने मान वर केली नाही.

आयुष्यात ओदीलने मनचं एक अक्षर लिहिलं नव्हतं. इतर सगळ्याबद्दल शंका आली तरी एवढ्या एका गोष्टीचा तिला अभिमान होता.

"होतं," ती म्हणाली. "पोटभर प्यायलास तू."

हद्दूने हातातले अक्रोड खाली ठेवले.

"म्हणजे आईच खोटं बोलत होती," तो म्हणाला.

"हो," यामना म्हणाली. डोक्यावरचा रुमाल खांद्यावर घसरला होता. तो तिने तसाच राहू दिला आणि भावापुढे चहाचा पेला ठेवला.