आशाताईच्या घरची कुंची

"आत्या, कुंची लई मोठी झाली का वो?" अक्षरानं विचारलं. नऊ दिवसांच्या लेकीच्या भुवयांवर कुंची पुन्हा घसरली होती.

सासू गुरम्मानं कुंची बोटानं वर सरकवली. निलंग्याजवळच्या त्या गावात बारा वर्षं ती आशाताई. शेकडो बाळांच्या डोक्यांभोवती टेप फिरताना तिनं पाहिला होता. कुंची मापातच होती. डोकं लहान होतं, आणि ते अक्षराला अजून कुणी सांगितलं नव्हतं. पहिलं बाळंतपण, तरी गुरम्मानं तिला माहेरी न धाडता स्वतःजवळ ठेवून घेतलं होतं.

गेल्या वर्षी केरळात झिकाची साथ आली, तेव्हा तालुक्याला बैठक झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा ताप डासानं होतो, पण तिकडून आलेल्या नवऱ्याकडून बायकोलाही होतो. तीन महिने निरोध वापरायचा. बायको पोटुशी असेल तर थेट बाळंतपणापर्यंत, नाहीतर पोटातल्या बाळाचं डोकं लहान राहू शकतं. गावातली पोरं बोअर मारायच्या गाडीवर कामाला तिकडंच जायची. गुरम्मानं सात घरी जाऊन हे तोंडावर सांगितलं. त्यातली बजरंगची आई भांडायला उठली, तिलाही पटवलं.

आठवं घर तिचं स्वतःचं. लेक संगमेश्वर केरळातून आला तो पुरळ आणि ताप अंगावर काढूनच. अक्षराला तेव्हा तिसरा महिना होता.

पोटच्या पोराला असलं कसं सांगायचं? लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! गुरम्मानं आडवाट धरली.

"अक्षरा, उदगीरला माहेरी राहून ये जरा."

अक्षराचे डोळे भरले. "दोन महिन्यानं आलेत, आत्या. आठ दिसानं परत जायलेत. माझं काय चुकलं?"

"काई न्हाई चुकलं. ऱ्हा मग."

निरोधचं पाकीट आणि छापील कागद तिनं लेकाच्या पिशवीत कपड्यांखाली, अगदी तळाशी सरकवला, आणि आपलं काम झालं असं समजली.

परवा लातूरच्या डॉक्टरांनी बाळाच्या तपासणीचा कागद हातात दिला, त्यावर झिका लिहिलं होतं. घरी येऊन गुरम्मानं पाकिटाचं सांगितलं, तशी संगमेश्वरनं पिशवी उपडी केली. पाकीट जसंच्या तसं पडलं.

"माय, सात घरी सांगितलीस. मला का न्हाई?"

"लाज वाटली रे."

त्यानं पाकीट उचलून तिच्या हातावर ठेवलं. तो रागावला असता तर बरं झालं असतं.

"आत्या?" अक्षरानं पुन्हा हाक मारली.

गुरम्मा तिच्यासमोर खाली बसली. या वेळी तिनं सगळं सांगितलं. ताप, नवरा, पाकीट, बाळाचं डोकं. लेक दारातच उभा होता, तरी थांबली नाही.

अक्षरानं लेकीला जवळ ओढून घेतलं.

"मी रडले म्हणून ठेवून घेतलात," ती म्हणाली. "मला हाकलून द्यायला पायजे होतं, आत्या."

मग तिनं लेकीची कुंची हळूच काढली आणि सासूपुढं धरली. गुरम्मानं सुई घेतली, दोन बोटं आतून टीप घातली, आणि माप बघायला कुंची बाळाच्या डोक्याजवळ नेली. अजून एक बोट घ्यावं लागणार होतं.