सपाट बेटावरचा चढाईचा बूट

मी एक जुना बूट आहे, मित्रांनो. उजव्या पायाचा. माझा डावा जोडीदार इथेच शेजारी पडलेला असतो, पण तो मुळातच अबोल, त्यामुळे आमची गोष्ट मलाच सांगावी लागते. बहरीनमध्ये गुदैबियातल्या एका इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, बाल्कनीत, कपडे धुण्याच्या मशीनमागे आमचा मुक्काम आहे. खालच्या खानावळीतून डोशाचा वास वर येतो. माणसांचे आवाज येतात. आमच्याकडे मात्र कुणी येत नाही.

मी रोज घालायचा बूट नाही. मला डोंगर चढण्यासाठी बनवले होते. एका थंड देशातल्या कारखान्यात जाड तपकिरी चामडे कापून, शिवून माझा आकार झाला. घोटा घट्ट धरून ठेवणारी उंच मान मिळाली, निसरड्या दगडावर रुतणारा खोल खाचांचा सोल मिळाला. एका कामगार बाईने माझ्या आत हात घालून कुठे टाका टोचत नाही ना हे बोटांनी चाचपून पाहिले. तो मला झालेला पहिला स्पर्श. मग मला खोक्यात बंद केले, आणि खोके उघडले तेव्हा मी बहरीनच्या राजधानीत, मनामातल्या एका दुकानात होतो.

मित्रांनो, बहरीन हे सपाट बेट आहे. वाळवंटात एक टेकडी आहे, तिलाच सगळे कौतुकाने डोंगर म्हणतात. अशा ठिकाणी आम्हाला कोण घेणार? सँडल विकल्या जात, पांढरे स्पोर्ट्स शूज विकले जात. आम्हाला लोक हातात घेत, वजन पाहून हसत आणि म्हणत, "हे घालून काय समुद्रकाठच्या कॉर्निशवर फिरायचं?" आणि परत ठेवून देत. आम्हाला वरच्या फळीवरून खालच्या फळीवर हलवले, आणि मग कोपऱ्यात.

तिथे अरुणाताईंनी आम्हाला पाहिले.

अरुणाताई मनामातल्याच हूरा भागातल्या एका कंपनीत अकाउंटंट होत्या. पन्नाशी ओलांडलेली, केस आखूड कापलेले. त्या मूळच्या वाईच्या. लहानपणी शाळा सुटली की दप्तर टाकून गावामागच्या गडावर पळायच्या. नोकरीसाठी बहरीनला आल्या आणि वीसेक वर्षे चढ म्हणून पायांनी पाहिला नाही. लग्न केले नव्हते. रोज संध्याकाळी आईला फोन करायच्या. आम्हाला पाहिले त्याच्या दोन वर्षे आधी आई गेली, आणि संध्याकाळी फोन नुसताच टेबलावर पडून राहू लागला.

त्याआधी एकदा ऑफिसने त्यांना ट्रेनिंगसाठी ऑस्ट्रियाला पाठवले होते. वर्गाच्या खिडकीतून समोर आल्प्सचा एक डोंगर दिसायचा. पायथ्याशी हिरवा, मध्ये करडा, आणि शिखरावर पांढऱ्या बर्फाच्या रेघा. सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते, असे तिथले लोक सांगत. ताईंना वर्गातून सुटका नव्हती. त्या रोज नुसत्या बघत राहिल्या आणि परत आल्या. आई गेल्यावर का कोण जाणे, तो डोंगर त्यांना फार आठवू लागला.

त्यांनी आमच्या नाड्या बांधल्या, दुकानात चार पावले चालल्या आणि स्वतःशीच म्हणाल्या, "चला, जाऊ या." खरे सांगतो, इतक्या वर्षांत आमच्याशी असे कुणी बोलले नव्हते.

मग तयारी सुरू झाली. चढ नाही तर सराव कशावर करायचा? ताईंनी इमारतीचा जिना निवडला. पाठीवरच्या सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि तळापासून गच्चीपर्यंत चढायचे, उतरायचे, पुन्हा चढायचे. सुरुवातीला मी त्यांच्या टाचेला चावलो. त्यांनी पट्टी लावली, पण मला काढून टाकले नाही. हळूहळू माझे चामडे त्यांच्या पायाला ओळखू लागले.

समोरच्या घरात हलिमा राहायची. राजापूरकडची. नवरा शब्बीर बंदरावर शिफ्टमध्ये काम करायचा, आणि मुलगी लाईबा मुंबईला हॉस्टेलवर शिकत होती. दोन्ही दारे समोरासमोर, पण इतक्या वर्षांत ओळख मान हलवण्यापुरतीच. एका सकाळी हलिमाने दार उघडले आणि घामाघूम ताईंना म्हणाली, "लिफ्ट चालू हाय की ओ!"

"माहितीये. मला डोंगर चढायचाय."

"बहरीनमध्ये?" हलिमाने विचारले. पण ताई तोवर वरच्या मजल्यावर पोचल्या होत्या.

संध्याकाळी त्या टेबलावर नकाशा पसरून बसत. मी टेबलाखाली असे, त्यामुळे सगळे ऐकू येई. त्या मोठ्याने बोलत विचार करत; घरात दुसरे कुणी नव्हते ना. दुपारनंतर डोंगरावर ढग येतात, म्हणून पहाटेच निघायचे. वर थंडी, म्हणून एकावर एक घालता येतील असे पातळ कपडे. उतरताना शेवटचा रोपवे चुकवायचा नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे, शिखर कितीही जवळ दिसो, दुपारी एक वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचे.

विमानाचे तिकीट झाले. व्हिसा आला. रजा मंजूर झाली. शेवटी एकच गोष्ट राहिली. डोंगरावर एकट्याने जाताना कुठे चाललो, कोणत्या वाटेने, केव्हा परतणार, हे कुणाला तरी सांगून जायचे असते. म्हणजे वेळेत परतलो नाही तर ते माणूस मदत बोलावते.

ताईंनी फोनमधली नावे वरपासून खालपर्यंत चाळली. मग त्यांनी भावाला फोन लावला. भाऊ म्हणाला, "ताई, या वयात हे काय खूळ? बरं, मी मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलतो." नंतर फोन आला नाही. मग त्यांनी ऑफिसमधल्या निवेदिताला मेसेज लिहायला घेतला. थोडा लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. फोन उपडा ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसून राहिल्या. एवढ्या मोठ्या गावात त्यांची वाट बघेल असे एकही माणूस त्यांना आठवेना. मित्रांनो, दुकानाच्या कोपऱ्यात मी एकटेपणा पुष्कळ पाहिला होता. पण त्या संध्याकाळी टेबलाखालून त्यांची पावले दिसत होती, आणि ती इतकी निश्चल होती की मला भीती वाटली.

शुक्रवारी दुपारी त्यांनी आम्हाला पायात घातले. मला वाटले, जिना. पण त्या समोरच्या दारापाशी थांबल्या. थांबल्या, मागे फिरल्या, पुन्हा वळल्या. आणि बेल वाजवली.

"मी समोरची. अरुणा," त्या म्हणाल्या.

"जिना चढनाऱ्या," हलिमा हसली. "काय झाला? बरा हाय ना?"

"एक काम होतं. छोटंच आहे. नाही म्हणालात तरी चालेल." ताई भराभर बोलू लागल्या. "मी ऑस्ट्रियाला चाललेय. तिथे एक दिवस डोंगरावर जाणार. मला फक्त कुणाला तरी सांगून जायचंय. संध्याकाळपर्यंत माझा मेसेज आला नाही तर तिथल्या बचाव पथकाच्या या नंबरवर फोन करायचा. एवढंच."

हलिमाचे हसू मावळले. "तुमचा कोन नाय?" तिने हळूच विचारले.

"आहेत," ताई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "नाहीत."

आतून शब्बीरचा आवाज आला, "कोण आहे गं? दारात काय उभं केलंस? यल्ला, चल, चहा ठेव."

आम्हाला दारात काढून ठेवले. आत कितीतरी वेळ बोलणे चालले होते. हलिमा सांगत होती की शब्बीर शिफ्टला गेला की दिवसभर घरात तिलाही बोलायला कुणी नसते, लाईबा फोनवर दोन शब्द बोलते आणि ठेवते. मी शब्बीरच्या चपलांशेजारी बसून ऐकत होतो. कुणाच्या तरी दाराबाहेर, कुणाच्या तरी चपलांशेजारी बसण्याची माझी ती पहिलीच वेळ होती.

आणि मग आल्प्स! काय सांगू तुम्हाला! पहाटेचे दवाने भिजलेले गवत, गाईंच्या गळ्यातल्या घंटा, वाट दाखवणारे दगडांवरचे लाल-पांढरे पट्टे. माझ्या सोलची प्रत्येक खाच त्या दिवशी कामाला आली. बर्फाचा एक पट्टा ओलांडताना ताई घसरल्या, पण मी टाच रुतवली आणि त्यांना सावरले. त्या क्षणी मला कळले की आपण कशासाठी जन्मलो.

शिखर आता अगदी समोर होते. वरचा लाकडी क्रूस दिसत होता. तेवढ्यात खालून ढग चढून आले आणि वाट पुसट झाली. ताईंनी घड्याळ पाहिले. एक वाजला होता.

त्या तिथेच उभ्या राहिल्या. माझे टोक शिखराकडे होते. अजून थोडेच तर राहिले होते! इतकी वर्षे मनात जपलेला डोंगर, इतके चढलेले जिने. त्यांनी एक पाऊल पुढे टाकले. मग थांबल्या.

"हलिमा वाट बघत असेल," त्या म्हणाल्या आणि मागे वळल्या.

उतरताना पाऊस लागला, धुके दाटले. लाल-पांढरे पट्टे एकेक शोधत आम्ही खाली आलो. फोनला रेंज नव्हती. शेवटचा रोपवे कसाबसा मिळाला. खाली स्टेशनवर पोचलो आणि फोन वाजलाच.

"अवो कुठं होतात तुमी?" हलिमा ओरडत होती. ते मलासुद्धा ऐकू आले. "हितं माझा जीव टांगनीला! ह्यांनी शिफ्टवरून तीनदा फोन केला, अरुणाताई आल्या का म्हनून! असा कोन करता का?"

"चुकलं गं," ताई म्हणाल्या. त्या बाकावर बसल्या आणि रडू लागल्या. शिखर हुकल्याचे ते रडणे नव्हते. फार दिवसांनी त्यांना कुणीतरी रागावले होते.

बहरीनला परतल्यावरचे दिवस आनंदाचे होते. संध्याकाळी ताई आणि हलिमा मिळून समुद्राकडे फिरायला जात. ताईंनी माझी माती ब्रशने काढली, चामड्याला तेल लावले, आणि म्हणाल्या, "पुढच्या वर्षी हलिमालाही नेऊ. तोवर नीट राहू देत." आम्हाला खोक्यात घालून कपाटावर ठेवले.

पण आखातात माणसे कायमची नसतात. शब्बीरची नोकरी संपली, व्हिसा संपला, आणि महिन्याभरात ते घर रिकामे झाले. हलिमा निघाली त्या दिवशी मी खोक्यातून दोघींचे रडणे ऐकले. मग समोरच्या दारावर दुसरे कुलूप लागले, आणि पुढचे वर्ष आले आणि गेले. आणखी काही वर्षे गेली. कुणी झाकण उघडले नाही. आतल्या गरम, दमट अंधारात माझा सोल आतून भुसभुशीत होत होता. बूट वापराने झिजतो हे सगळ्यांना माहीत असते. न वापरताही तो मरतो, हे कुणाला ठाऊक नसते.

या थंडीत हलिमाचा फोन आला. "ताई, राजापूरला या. गावामागं डोंगर हाय. जलम गेला, मी कधी वर गेले नाय. तुमी नेलंत तर येतंय."

ताईंनी हसत हसत खोके काढले, आम्हाला घातले आणि जिन्याकडे निघाल्या. दुसऱ्याच पायरीवर माझा सोल तुकड्यांनी गळून पडला. पाठोपाठ डाव्याचाही. त्या आम्हाला जवळच्या नईम भागातल्या मोच्याकडे घेऊन गेल्या. त्याने एक तुकडा बोटांत चुरडला आणि मान हलवली, "सोल खलास, मॅडम. मफी, काही उरलं नाही."

परवा त्या नवे बूट घालून कोकणात गेल्या. जाण्यापूर्वी आम्हाला बाल्कनीत आणून ठेवले. टाकून देण्याचा धीर त्यांना झाला नाही, हेही मी पाहिले. आज कदाचित त्या दोघी चढत असतील. त्या मला सोडून गेल्या याचे मला वाईट वाटत नाही, मित्रांनो. वाईट एवढेच वाटते की त्या चढावर मी नाही, आणि यात चूक ना माझी, ना ताईंची. आम्ही दोघेही 'पुढच्या वर्षी'ची वाट बघत राहिलो.

म्हणून तुम्हाला एक विनवणी करतो. तुमच्या कपाटावर एखादे खोके असेल तर ते आज उघडा. आतले बूट बाहेर काढा, पुसा, उन्हात नव्हे, सावलीत वारा लागू द्या, आणि पायात घालून थोडे तरी चालून या. डोंगर नसला तर जिना आहेच. आणि निघताना समोरच्या दाराची बेल वाजवून सांगा, कुठे चाललात ते. दार उघडायला थोडा वेळ लागला, तर थांबा.